पालकांचे मत आणि आपली शाळा
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)

शिक्षक बंधुभगिनींनो,

आपल्या शाळेविषयी गावाचे मत कोठे बनते, या प्रश्नाकडे मी आज आपले लक्ष वेधू इच्छितो. ते बहुधा शाळेत बनत नाही. पूर्वी ते पारावर, पाणवठ्यावर आणि आठवड्याच्या बाजारात बनत असे. आता त्यात व्हॉट्सॲपवरील पालकांच्या व भावकीच्या गटांची भर पडली आहे. या गटांत गावातील पालक असतात, तसेच नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेलेले काका-मामाही असतात. ज्यांनी आपल्या शाळेची पायरी कित्येक वर्षांत चढलेली नाही, त्यांचाही शब्द मुलाला पहिलीत कोठे घालावे हे ठरविताना वजनदार ठरतो.

पारावरचे बोलणे व हे बोलणे यांत एक भेद आहे. पारावर कोणी शाळेला नावे ठेवली, तर "माझी नात तर घडाघडा वाचते," असे सांगणारे एखादे आजोबा तेथेच बसलेले असत. गटावर मात्र गळक्या छपराचे छायाचित्र क्षणात घरोघर पोहोचते, आणि छप्पर दुरुस्त झाल्यावरही ते फिरतच राहते. शिवाय छायाचित्रात काय दिसते? टाय, बूट, पिवळी बस, स्नेहसंमेलनाची रोषणाई. तिसरीतील मूल हातच्याची वजाबाकी समजून करते, हे छायाचित्रात दिसत नाही. जे दिसते त्यावरूनच पालक मत बनवितात. पदरमोड करून शुल्क भरणाऱ्या बापाला मुलाचे भलेच हवे असते. त्याला अडाणी म्हणून बोल लावणारा शिक्षक आपल्याच शाळेचे नुकसान करतो.

या बोलण्याचा परिणाम किती दूरवर जातो, ते पाहा. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत दोन, तर ६१ ते ९० पटास तीन शिक्षक असावेत. समजा, एका शाळेचा पट ६३ आहे. गटावरील चर्चा ऐकून चार पालकांनी दाखले नेले. पट ५९ झाला आणि तिसऱ्या शिक्षकाच्या पदाचा आधार गेला. आता दोघांनी पाच वर्ग सांभाळावयाचे. "तेथे वर्गावर शिक्षक नसतो," हे काल खोटे असलेले बोलणे आज काही अंशी खरे झाले! मागे राहतात ती शेतमजुरांची व ऊसतोड कामगारांची मुले. बोलत्या घरांनी शाळा सोडली की या मुलांच्या शाळेसाठी ग्रामसभेत उभे राहणारे कोणी उरत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ आपल्या प्रतिष्ठेचा नव्हे.

मग आपण काय करावे?

प्रथम, आक्षेप खरा की खोटा, हे पाहावे. शिक्षक उशिरा येत असतील, स्वच्छतागृह अस्वच्छ असेल, तर उत्तर लिहिण्यापूर्वी ती उणीव दूर करावी. आक्षेप खोटा असेल, तर वाद घालू नये. "उद्या परिपाठाला या आणि वर्गात बसून पाहा," एवढेच नम्रपणे कळवावे.

दुसरे, मुलाचे शिकणे घराला ऐकू यावे. मुलाने घरी वीजबिल, खताच्या पिशवीवरील मजकूर, पाठ्यपुस्तकातील उतारा वाचून दाखवावा. आई निरक्षर असली, तरी ओघवते वाचन कोणते आणि अडखळते कोणते, हे तिच्या कानाला कळते. शाळापूर्व तयारीच्या 'पहिले पाऊल' अभियानातून ठिकठिकाणी माता-पालक गट तयार झाले आहेत. अशा एका मातेने स्वतः पाहिलेले सांगितले, तर त्याचे मोल आपल्या दहा संदेशांहून अधिक आहे.

तिसरे, शाळा व्यवस्थापन समितीला केवळ सहीपुरते बोलावू नये. कायद्याच्या कलम २१ अन्वये तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक, तर निम्म्या सभासद महिला असतात. त्यांच्यापुढे पट, खर्च आणि मुलांची वाचनातील प्रगती उघडपणे ठेवावी. उणीव लपवू नये. ज्याला उणीव ठाऊक असते, तोच ती भरून काढावयास हात लावतो.

चौथे, शाळेच्या स्वतःच्या गटावर कोणाचे गुण, आजार वा घरची परिस्थिती यांची चर्चा होऊ देऊ नये. मुलांची आपसांत तुलना करू नये. पालकांच्या संमतीवाचून मुलाचे छायाचित्र टाकू नये. मुलाची अब्रू हीही आपल्याकडे सोपविलेली ठेव आहे.

बंधुभगिनींनो, १ मे १९६२ रोजी आपल्या राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, त्या लोकांचा कारभार लोकांच्या हाती यावा म्हणून. शाळा लोकांची आहे. तेव्हा तिच्याविषयी बोलण्याचा लोकांना पूर्ण अधिकार आहे. ते बोलणे ऐकीव नसावे, प्रत्यक्ष पाहून केलेले असावे, एवढी सोय करणे हे आपले कर्तव्य होय. पुढील परिषदेस येताना आपल्या शाळेत महिनाभरात किती पालकांनी वर्गात बसून अध्यापन पाहिले आणि त्यांनी काय सुचविले, याची नोंद प्रत्येकाने सोबत आणावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.