आधी माप, मग पैसा

(नभोवाणी भाषण, संपादित)

आमच्या अंगणात १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडील गेल्यावर दोन वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. भंगारवाला भाव सांगून गेला, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "एकदा चालू करून तरी बघ. मग काय ते ठरव." इंजिन धूर ओकत होतं आणि माझा पगार मास्तरकीचा.

पद्मिनी ही कुटुंबाची गाडी, शर्यतीची नव्हे. पण तिच्या १०८९ सीसीच्या इंजिनाचं घराणं मोठं आहे. फियाटनं १९३७ मध्ये आणलेल्या ११०० इंजिनावरच महायुद्धानंतर इटलीत चिसितालिया २०२ ही स्पोर्ट्स कार तयार झाली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं १९५१ मध्ये ती प्रदर्शनात मांडली. आपल्याकडे या घराण्याचं इंजिन घडलं ते मुंबईत, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात. आणि त्या कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद १८८२ मध्ये आपल्या सोलापुरात जन्मले. तेव्हा ही गाडी भंगारात घालणं मला जिवावर आलं.

पहिल्या खेपेला मी घाई केली. नवे रिंग-पिस्टन, नवं पॅकिंग, वरून रंग आणि पॉलिश. क्रँक मात्र न मोजताच नव्या बेअरिंगांवर बसवला. "दिसायला गुळगुळीत आहे, चालेल," असं मीच म्हणालो. मोहोळच्या अलीकडे ऑईलचा लाल दिवा लागला आणि खालून ठकठक सुरू झाली. गाडी टेम्पोला बांधून घरी आणली. आई काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं.

मग गिरणीत फिटर राहिलेल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "गुरुजी, आधी माप, मग पैसा."

त्यांची रीत सांगतो. इंजिन खोलण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासायचं. कमी आलं, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा तपासायचं. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेला; नाही वाढला तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेडच्या पॅकिंगवर. एवढ्यानं पुष्कळ नको तो खर्च वाचतो.

या इंजिनाचा मूळ बोअर ६८ मिलिमीटरचा. तो वर, मध्ये, खाली आणि उभा-आडवा असा मोजायचा. झीज जास्त असेल तर आधी ओव्हरसाइझ पिस्टन मिळवायचे आणि त्यांच्या मापानं बोअर करून घ्यायचा. नाही तर बोअर तयार आणि त्या मापाचा पिस्टन बाजारात नाही, अशी गत होते. क्रँकही मायक्रोमीटरनं मोजायचा, गरज असेल तर ग्राइंड करून त्याच मापाची बेअरिंगं घालायची. माझ्या क्रँकच्या ऑईलच्या भोकांत जुना गाळ दगडासारखा बसला होता. त्यामुळे बेअरिंगला ऑईलच पोचत नव्हतं.

कनेक्टिंग रॉड, कॅमशाफ्ट मापात भरले तर तेच पुन्हा वापरावेत. रंग-पॉलिश शेवटी. बेअरिंग, पॅकिंग, ऑईल पंप आणि मशीनवरचं काम यांत मात्र काटकसर नको.

आणखी एक. शिशाचं पेट्रोल देशात २००० मध्ये बंद झालं. ते शिसं जुन्या व्हॉल्व्ह सीटची झीज रोखत असे. म्हणून हेड उघडलंच आहे, तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्याव्यात. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपला उसाचा जिल्हा, इथेनॉलचं कौतुक आहेच. पण जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपातला पडदा त्यानं खराब होतो. ते इथेनॉल सोसणारे घ्यावेत.

दुसऱ्या खेपेला इंजिन जुळवायला सहा महिने लागले, कारण पगारातून जमेल तसा एकेक भाग घेतला. सुरुवातीला जोर न देता चालवली आणि ऑईल लवकर बदललं. मग आईला घेऊन पंढरपूरला निघालो. मोहोळ जवळ आलं तसं माझं निम्मं लक्ष त्या लाल दिव्याकडे. तो काही लागला नाही. गाव मागे पडल्यावर आई म्हणाली, "आवाज अगदी ह्यांच्या वेळचा येतोय."

तुमच्याही दारात अशी एखादी गाडी असेल, तर रंगवाल्याला नंतर बोलवा. आधी मोजणारा माणूस शोधा.