शके किती, सन किती?

अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेखाचा शक डॉ. भाऊ दाजी यांनीं प्रथम ७८२ असा वाचिला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असल्याचें दाखविलें. एका अंकानें देऊळ दोनशें वर्षें अलीकडे आलें! शिळेवर मूळ अंक होता, म्हणून तो पुन्हां वाचतां आला.

वाचनालयाच्या सूचींत मात्र मूळ अंकच पुष्कळदां गळतो. जुन्या मराठी पुस्तकावर नुसतें ‘शके १८००’ असतें. सूचीकार त्यांत ७८ मिळवितो आणि १८७८ लिहून मोकळा होतो. पण शकवर्ष चैत्रांत सुरू होतें व इंग्रजी साल पौषाच्या सुमारास पालटतें. पुस्तक माघांत निघालें असेल तर साल १८७९. उल्हासनगरांत कोणाच्या संग्रहांतून विक्रम संवताचें पुस्तक आलें, तर तेथें ५७ किंवा ५६ वजा करावे लागतात; घोटाळा तोच. संगणकाचा रकाना चारच आंकडे मागतो, आणि अंदाजाला निश्चयाचें रूप येतें. मग दोघां ग्रंथकारांत आधीं कोणीं लिहिलें, हा निवाडा त्याच आंकड्यावर होतो. हें मला अन्यायाचें वाटतें.

यास्तव छापलेला शक जसाच्या तसा उतरावा; शेजारीं चौकटी कंसांत ‘१८७८ किंवा १८७९’ लिहावें. प्रस्तावनेखालीं पुष्कळदां तिथि असते, तीही पाहावी. ती शके १८०० च्या माघांतील निघाली, तर १८७८ खुशाल खोडावें.