काळे कण आणि त्यांची परीक्षा
(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी विज्ञानावर बोलणार म्हटल्याबरोबर आपल्या चिटणीसबाई हसल्या. त्यांचा दोष नाही. सातवी झालेल्या बाईने पापडखारावर बोलावे, अशीच रीत आहे. पण गेल्या वर्षी आमच्या घरात जे दुखणे निघाले, त्यापायी मला बरेच वाचावे लागले, आणि जे वाचून कळले नाही ते पुतणीला विचारावे लागले. ती औषधशास्त्र शिकते. तेवढ्या भांडवलावर मी उभी आहे.

एम.आर.आय. हा शब्द आता हिवरा आश्रमात कोणाला नवा नाही. मेहकरला, बुलढाण्याला, नाहीतर थेट औरंगाबादेला म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास नातलगांना घेऊन गेलेल्या बाया इथे बसल्या आहेत. पॉल लॉटरबर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७३ साली या रीतीने चित्र काढून दाखविले. पुढे २००३ साली त्यांना व इंग्लंडच्या पीटर मॅन्सफील्ड यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. हे यंत्र म्हणजे एक भला मोठा लोहचुंबक. दवाखान्यातल्या नेहमीच्या यंत्राचा जोर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असतो. म्हणून आत जाताना पदराच्या आणि निऱ्यांच्या पिना आठवणीने काढाव्या. मंगळसूत्राची चौकशी सगळे करतात, पिनांची कोणी करीत नाही!

या यंत्राला मुख्यतः आपल्या अंगातले पाणी दिसते. पण मीठ आणि पिठीसाखर शेजारी शेजारी ठेवली, तर नुसत्या डोळ्यांनी काय ओळखणार? तसेच रोगट मांस आणि निरोगी मांस पुष्कळदा सारखेच दिसते. तो फरक उठून दिसावा म्हणून शिरेतून एक औषध देतात. त्यालाच कॉन्ट्रास्ट म्हणतात.

आज बहुतेक ठिकाणी जे देतात ते गॅडोलिनियम नावाच्या धातूचे असते. तो धातू मोकळा विषारी, म्हणून त्याला दुसऱ्या रसायनाच्या पिंजऱ्यात कोंडून देतात. असले पहिले औषध अमेरिकेत १९८८ साली मंजूर झाले आणि लाखो लोकांना दिले गेले. पुढे किडनी निकामी झालेल्या काही रोग्यांची कातडी कडक होऊ लागली, सांधे आखडले. या रोगाचा आणि गॅडोलिनियमचा संबंध २००६ साली उघड झाला, आणि २००७ साली अमेरिकेच्या औषध खात्याने इशारा छापावयास लावला. म्हणजे मंजुरीनंतर अठरा वर्षे! सगळे पिंजरे सारखे घट्ट नव्हते. सैल पिंजऱ्यांची बरीचशी औषधे युरोपात २०१७ साली थांबविण्यात आली. आता घट्ट पिंजऱ्याची जी औषधे देतात ती पुष्कळच सुरक्षित आहेत, तेव्हा माझे ऐकून कोणी घाबरून तपासणीला नाही म्हणू नये.

आमच्या थोरल्या जाऊबाईंना अठरा वर्षांपासून मधुमेह. सोनोग्राफीत लिव्हरवर डाग दिसला, म्हणून कॉन्ट्रास्ट देऊन एम.आर.आय. करावयास सांगितले. एका शहरातल्या केंद्रात आम्ही गेलो. तिथे इंग्रजी कागद पुढे आला आणि "इथे सही करा, मावशी," एवढेच सांगण्यात आले. पुतणी बरोबर होती. तिने विचारले, "काकूंचे क्रिएटिनिन पाहिले का?" कोणीच पाहिले नव्हते. रक्त तपासले तो आकडा बराच वाढलेला. मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी औषधाशिवायच चित्रे काढली. डाग रक्तवाहिन्यांचा साधा गुच्छ असावा असे त्यांचे मत पडले आणि तीन महिन्यांनी पुन्हा यावयास सांगितले. ते तीन महिने आमच्या घरात कसे गेले ते सांगत बसत नाही. मला मात्र एकच प्रश्न लागून राहिला. ज्यांची किडनी धड नाही, त्यांच्यासाठी दुसरे काही नाही का?

आहे. ते आहे लोखंड. नाल्याच्या वाळूतून लोहचुंबक फिरवला की त्याला काळे कण चिकटतात. आपण लहानपणी हा खेळ खेळलो आहोत. आपल्याकडच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट नावाचे खनिज असते, त्याचे ते कण. तोच पदार्थ प्रयोगशाळेत शुद्ध करून, अतिशय बारीक बनवून, वर डेक्स्ट्रानसारख्या साखरेच्या जातीच्या पदार्थाचा लेप देतात. किती बारीक म्हणाल, तर एका केसाच्या जाडीत असे अडीच हजार कण ओळीने बसतील. यालाच नॅनोकण म्हणतात. गंमत अशी की ते यंत्रात असेपर्यंतच चुंबक होतात. बाहेर आले की चुंबकत्व जाते, म्हणून एकमेकांना चिकटून गोळे होत नाहीत. काम झाले की शरीर ते लोखंड हळूहळू रक्तासाठी वापरून टाकते. आपल्या महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी, तिथे हे ऐकून कोणालाही बरे वाटेल.

पण बरे वाटून भागत नाही, परीक्षा करावी लागते, आणि इथे शितावरून भात पाहता येत नाही. पहिली परीक्षा स्वयंपाकघरासारखीच आहे. चायना ग्रास घालून आपण जेली करतो ना, तसल्या जेलीत निरनिराळ्या प्रमाणात कण मिसळून नळ्या भरतात आणि त्या यंत्रात ठेवतात. लोखंड वाढेल तशी नळी काळी दिसत जाते. किती लोखंडाला किती काळेपणा, हा हिशेब त्यातून निघतो. मग ते कण रक्ताच्या निवळीत घालून दूध नासते तसे फुटतात की काय ते पाहतात. नंतर काचेच्या बशीत वाढविलेल्या पेशींवर घालतात. त्यात एक पिवळा रंग टाकला की जिवंत पेशी त्याला जांभळा करतात, मेलेल्या करीत नाहीत. मग उंदीर. उंदराचे चित्र चांगले आले म्हणजे संपले असे नाही. कण लिव्हरमध्ये किती गेले, प्लीहेत किती, आणि महिन्याने काय उरले, हे सारे पाहावे लागते. पवईच्या आय.आय.टी.त धीरेंद्र बहादूर यांच्या हाताखाली, तसेच पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अशा चुंबकीय कणांवर पुष्कळ काम झालेले आहे.

आता माणसांवरच्या परीक्षेची हकीकत सांगते. लोखंडी कणांचे असे एक औषध होते, फेरुमॉक्सट्रान. निरोगी लसीका ग्रंथी हे कण गिळते आणि काळी दिसते. कर्करोग शिरलेली ग्रंथी गिळीत नाही, ती पांढरीच राहते. म्हणजे चोर आपण होऊन उजेडात उभा! प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झालेल्या ८० पुरुषांवर हे करून पाहिले आणि २००३ साली निकाल छापून आला. रोग शिरलेल्या गाठी ६३ निघाल्या, त्यांतल्या ४५ गाठी आकारावरून मुळीच संशय येण्यासारख्या नव्हत्या. साध्या एम.आर.आय.ने शेकडा ३५ रोगट गाठी ओळखल्या, तर या कणांनी शेकडा ९० हून अधिक.

तुम्ही म्हणाल, मग झालेच की! मीही पुतणीला तेच म्हटले. पण २००५ साली अमेरिकेतल्या सल्लागार समितीने मंजुरीच्या विरुद्ध मत दिले. कंपनीने परवानगी मागितली होती नाना तऱ्हेच्या कर्करोगांसाठी, आणि एका रोगाचा चांगला निकाल दुसऱ्याला लावता येतो असे समितीला पटले नाही. अॅलर्जीचीही शंका होती. युरोपातला अर्जही २००७ साली मागे घेण्यात आला. पुढे हॉलंडमध्ये नायमेखेनच्या विद्यापीठातील डॉक्टरांनी ते औषध पुन्हा हाती घेतले.

मला याचा आधी फार राग आला. इतक्या गाठी सापडत होत्या, त्या माणसांचे काय? पण फेरुमॉक्सिटॉलचे वाचले तेव्हा राग निवळला, पुरता गेला नाही. किडनीच्या रोग्यांचे रक्त वाढावे म्हणून हे लोखंडी कणांचे औषध अमेरिकेत २००९ साली मंजूर झाले. गॅडोलिनियम सोसत नाही अशा रोग्यांत तिथले डॉक्टर त्याचा चित्रासाठीही उपयोग करू लागले, म्हणजे आमच्या जाऊबाईंसारख्यांची सोय झाली. पण थोड्या लोकांना त्याची अॅलर्जी इतकी जोराची आली की काही दगावले. तेव्हा २०१५ साली ठळक चौकटीत इशारा आला, आणि झटकन न टोचता सलाइनमधून सावकाश देण्याचे ठरले. लोखंड घरचे म्हणून निर्धोक, असे नाही.

आपल्या देशात नव्या औषधाची माणसांवर चाचणी करावयाची तर २०१९ चे नियम आहेत. ज्याच्यावर चाचणी करायची त्याला समजेल त्या भाषेत सगळे सांगावे लागते. त्याला वाचता येत नसेल तर तिऱ्हाईत साक्षीदार लागतो. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही द्यावी लागते. या सर्वांवर नीतिसमिती असते. तिच्यात निदान सात जण हवेत, निम्मे त्या संस्थेच्या बाहेरचे. त्यात एक सामान्य माणूस पाहिजे आणि एक स्त्री पाहिजे, असे नियमातच लिहिले आहे. सामान्य माणूस म्हणजे डॉक्टर नव्हे, शास्त्रज्ञ नव्हे. हे वाचले तेव्हा मी पुतणीला दोनदा विचारले, खरेच का? तिने मला नियम उघडून दाखविला.

जाऊबाईंची दुसरी तपासणी झाली, डाग वाढलेला नाही. आता सहा महिन्यांनी जायचे आहे. क्रिएटिनिनचा कागद त्यांनी पिशवीत सर्वांत वर ठेवला आहे. आमची पुतणी मागच्या सतरंजीवर बसली आहे. हळदीकुंकवाला अजून अवकाश आहे, तेवढ्यात कोणाला काही विचारायचे असेल तर तिलाच विचारा. माझ्यापेक्षा नीट सांगेल.