कोणती चूक दुरुस्त करावी?

(पूनम सागर, मीरा रोड येथील भाषणाचा मजकूर)



२०२५ च्या जून-जुलैमध्ये मीरा रोडचे नाव देशभर गेले. मराठीच्या प्रश्नावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, व्यापाऱ्यांनी निषेध केला आणि ८ जुलै रोजी मराठीसाठी मोर्चा निघाला. त्या कोलाहलात एक साधा प्रश्न मागे पडला: असा दुकानदार उद्या मराठी बोलू लागला आणि चुकला, तर ऐकणाऱ्याने काय करावे?

हिंदी भाषक 'माझी पुस्तक' म्हणतो, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग मुळी नाहीच. गुजराती शेजारी येथे सहसा अडखळत नाही. त्याच्या भाषेत मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत. तेव्हा अशा चुकीत उद्दामपणा शोधण्याचे कारण नाही. अर्थही कोठे अडत नाही. उत्तरात सहज 'तुमचे पुस्तक येथे आहे' म्हटले की दुरुस्ती झाली.

'आम्ही' आणि 'आपण' यांची गोष्ट निराळी. हिंदीतला 'हम' दोन्ही कामे करतो. त्यामुळे शेजाऱ्याला बरोबर नेण्याच्या इच्छेनेच कोणी म्हणतो, 'आम्ही पाण्याची तक्रार करायला जाऊ', आणि मराठी शेजारी समजतो की त्याला वगळले. ही चूक तेथल्या तेथे सांगितली पाहिजे. ती राहू देण्यात कसले सौजन्य?

'पानी' म्हणणाऱ्याची थट्टा ही तर दुरुस्तीच नव्हे. उत्तनचे कोळी, राई-मुर्ध्याचे आगरी पिढ्यान्‌पिढ्या 'पानी'च म्हणत आले आहेत, आणि त्यांची गावे या इमारतींच्या कितीतरी आधीची. त्यांना हिणवणारी शुद्धता ही मूळची मूठभर घरांची बोली. शाळा आणि नोकऱ्या ताब्यात असल्याने ती प्रमाण ठरली. याचा अर्थ प्रमाणलेखन शिकवू नये असा नाही. अर्जाला आणि परीक्षेला ते लागतेच, आणि कामगाराच्या मुलाला त्यापासून दूर ठेवणे हा त्याच्यावर अन्यायच होईल. मात्र नियमही बदलतात. शासनाने १९६२ साली मराठी लेखनाचे चौदा नियम मान्य केले, १९७२ साली चार जोडले. 'नांव'वरचा अनुच्चारित अनुस्वार त्यांत गेला; तोवर तो न देणे ही चूक गणली जाई.

२०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. त्या वर्गातल्या अमराठी मुलाची वही तांबड्या शाईने भरून परत आली, तर पुढच्या वेळी तो कमी लिहील. शिक्षकाने एका वेळी एकच चूक धरावी. आधी 'आम्ही-आपण', वेलांट्यांना अवकाश आहे.