जिज्ञासूंनो, प्रश्न सोडू नका

आज पदवी घेणाऱ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

तुमचे मनःपूर्वक अभिनंदन. तुमच्या शिक्षणासाठी झिजलेल्या आईवडिलांचेही.

आज मी एकाच शब्दाविषयी बोलणार आहे: जिज्ञासा. ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे; त्या धातूचे हे इच्छा दाखवणारे रूप. पिण्याची इच्छा ती पिपासा, जाणण्याची ती जिज्ञासा. शुश्रूषा शब्दही याच घडणीचा. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. आज आपण तो रुग्णसेवेसाठी वापरतो.

तहानलेला माणूस पाण्याच्या शोधात निघतो, तसा जिज्ञासूही निघतो. कुतूहल मोबाइलवर उत्तर दिसताच शमते. दुसऱ्याच्या खासगी गोष्टींत नाक खुपसणे हा नुसता भोचकपणा. जिज्ञासेला मात्र कष्टांची तयारी लागते. जैमिनींची मीमांसासूत्रे आणि बादरायणांची ब्रह्मसूत्रे या दोन्ही ग्रंथांच्या पहिल्याच सूत्रात हा शब्द येतो. गीतेने सांगितलेल्या चार प्रकारच्या भक्तांमध्ये ज्ञानी आहे, तसाच जिज्ञासूही आहे. ज्याला अजून कळलेले नाही, पण कळून घ्यायचे आहे, त्यालाही तिथे मानाचे स्थान आहे.

असेच एक जिज्ञासू म्हणजे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. ते १८९१ साली बी. ए. झाले. त्यांचे खरे काम त्यानंतर सुरू झाले. मराठ्यांचा इतिहास मूळ कागदांतून कळला पाहिजे, या ध्यासाने ते गावोगाव हिंडले, जुन्या वाड्यांतली दप्तरे धुंडाळली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे तिचे २२ खंड झाले. बीडजवळच्या पाटांगणला मिळालेली ज्ञानेश्वरीची जुनी पोथी त्यांनी १९०९ साली छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, तेही त्यांच्याच पुढाकाराने. विद्यापीठाची नोकरी नाही, सरकारचे पाठबळ नाही. त्यांचे कित्येक निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी नाकारले, पण त्यासाठीही त्यांना राजवाड्यांनी छापलेल्या कागदांकडेच वळावे लागले. उत्तरे जुनी होतात. जिज्ञासेपोटी केलेले काम पुढच्यांच्या उपयोगी पडत राहते.

मित्रांनो, आजवर तुमचे प्रश्न दुसऱ्यांनी काढले. उद्यापासून ते तुम्हाला स्वतः काढायचे आहेत. तुम्ही इंजिनिअर व्हा, शिक्षक व्हा, डॉक्टर व्हा किंवा शेती करा. आपल्या कामातला एक प्रश्न स्वतः निवडा. त्यासाठी वाचा, हिंडा, जाणत्या माणसांपाशी बसा. आयते उत्तर मिळाले तर ते पडताळून पाहा. आणि उद्या तुमच्या हाताखालचा एखादा नवखा माणूस, वर्गातले एखादे मूल, दवाखान्यातला एखादा पेशंट ‘असे का?’ म्हणून विचारेल, तेव्हा त्याला गप्प करू नका. त्याचे ऐकून घ्या आणि त्याच्याबरोबर उत्तर शोधा.