प्रचंड आणि अपाची : एका निवडीची हकीकत



बैलबाजारात गेलेला जाणता शेतकरी नुसती उंची आणि शिंगे पाहून पैसे मोजीत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. आणि मनाशी विचार करतो की आपली जमीन काळी भारी आहे की माळाची हलकी, वाटेत घाट आहे की नाही. लष्करासाठी हत्यार निवडताना सरकारलाही हेच करावे लागते. फरक इतकाच की तिथे फसलेला व्यवहार पैशांनी भरून निघत नाही. हल्ला करणारे नवे हेलिकॉप्टर आपल्या देशाने कसे निवडले, त्याची हकीकत आज सांगणार आहे.

ही हकीकत 1999 सालच्या कारगिलच्या लढाईपासून सुरू होते. शत्रू डोंगरमाथ्यावर दगडांचे आडोसे करून बसलेला, आणि आपले जवान खालून उघड्या उतारावरून वर चढताहेत, असा तो प्रसंग होता. तोलोलिंग हे ठिकाण सुमारे पंधरा हजार फुटांवर. अशा वेळी वरून मारा करील असे हेलिकॉप्टर हाताशी असते तर! हेलिकॉप्टरे आपल्याकडे होती, नव्हती असे नाही. सोव्हिएत बनावटीची एमआय-25 आणि एमआय-35 ही हल्ल्यासाठीच घेतलेली होती. पण वजन अकरा-साडेअकरा टनांच्या घरात. त्या उंचीवर त्यांचे काम चालेना. मग काय केले, तर एमआय-17 नावाचे, मुळात माणसे आणि सामान वाहणारे हेलिकॉप्टर घेतले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रॉकेटे बसवली. 28 मे 1999 रोजी तोलोलिंगजवळ त्यांतले एक, शत्रूने खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने पाडले. आतले चारही जण गेले. त्यानंतर ही हेलिकॉप्टरे हल्ल्याच्या कामावरून काढून घेण्यात आली. पुढे तोफांनी साथ दिली, लढाऊ विमानांनी दिली; पण ते डोंगर अखेर जवानांनी पायांनी चढून घेतले, आणि त्याची किंमत किती पडली हे महाराष्ट्रातल्या अनेक गावांनाही ठाऊक आहे.

आता आपण म्हणाल, एवढे मजबूत यंत्र उंचावर का चालू नये? विहिरीत पोहणारा माणूस हातांनी पाणी मागे लोटतो म्हणून पुढे जातो. हेलिकॉप्टरची पाती तशीच हवा खाली लोटतात, म्हणून ते वर राहते. लोटायला हवाच कमी असली तर? शिक्षकमित्रांनी हा आकडा फळ्यावर लिहून दाखवावा : समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचे वजन साधारण सव्वा किलो भरते, पाच हजार मीटर उंचीवर तेच पाऊण किलोच्या आत येते. म्हणजे पात्यांची पकड पाच हिश्शांतले दोन हिस्से कमी झाली. शिवाय इंजिनालाही श्वास घ्यायला हीच विरळ हवा, त्यामुळे त्याचीही ताकद उतरते. त्यातून दुपारचे ऊन असले की हवा आणखी पातळ होते. असे दोन्हीकडून नुकसान. तेव्हा वजनदार हेलिकॉप्टरला तिथे दोनच मार्ग उरतात : दारूगोळा कमी न्या, नाही तर इंधन कमी न्या.

कारगिलच्या या अनुभवातूनच आपल्या गरजेचे हलके लढाऊ हेलिकॉप्टर आपणच करावे, हा विचार पुढे आला. बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स कंपनीच्या या योजनेला 2006 साली मंजुरी मिळाली. लढाई संपून तोवर सात वर्षे झाली होती. 29 मार्च 2010 रोजी पहिले उड्डाण झाले, आणि 3 ऑक्टोबर 2022 रोजी जोधपूर येथे ते हवाई दलात दाखल होऊन त्याचे नाव 'प्रचंड' असे ठेवले. नाव प्रचंड, पण वजन सारे मिळून पाच टन आठशे किलो! वैमानिक दोघे, एकामागे एक बसतात. त्यामुळे समोरून पाहिले तर अंग अगदी अरुंद, नेम धरायला जागा थोडी. इंजिनाचा तप्त धूर थंड करून सोडण्याची सोय केली आहे, कारण खांद्यावरची क्षेपणास्त्रे उष्णतेचा माग काढीत येतात. 2015 साली हे हेलिकॉप्टर पाचशे किलो ओझे घेऊन सियाचेनच्या भागात सुमारे 4,800 मीटर उंचीवर उतरले. हल्ला करणारे हेलिकॉप्टर तिथे उतरल्याचे त्याआधी कोणी पाहिले नव्हते.

दरम्यान दुसरी खरेदीही चालू होती. हवाई दलासाठी 22 भारी हेलिकॉप्टरांची मागणी 2008 साली निघाली. रशियाचे एमआय-28 आणि अमेरिकेचे अपाची यांची चाचणी झाली, अपाची उजवे ठरले, आणि करार झाला सप्टेंबर 2015 मध्ये. 3 सप्टेंबर 2019 रोजी पठाणकोटला पहिली आठ दाखल झाली. अपाची हा दहा टनांचा गडी. तीस मिलिमीटरची तोफ, रणगाडे फोडणारी सोळा क्षेपणास्त्रे, आणि पात्यांच्याही वर बसवलेले रडार. म्हणजे झाडी-टेकडीआड दडून नुसते डोके वर काढावे आणि पलीकडचे सगळे टिपावे. सपाट मुलखात, वाळवंटात, रणगाड्यांच्या लढाईत याला तोड मिळणे कठीण. हे लडाखमध्येही नेले गेले आहे. मात्र 3 एप्रिल 2024 रोजी सरावात तिथे एक अपाची उतरताना त्याचे नुकसान झाले, तेव्हा उंचसखल जमीन आणि जास्त उंची हीच कारणे हवाई दलाने दिली.

भूदलाने स्वतःसाठी आणखी सहा अपाची 2020 साली मागवली. त्यांच्यासाठी जोधपूरला मार्च 2024 मध्ये तुकडी उभी राहिली, आणि पहिली तीन हेलिकॉप्टरे आली 22 जुलै 2025 रोजी. गोठा बांधून तयार, दावे बांधून तयार, आणि बैल सव्वा वर्ष वाटेवर! परक्याच्या कारखान्यावर अवलंबून राहिले की असे होते.

म्हणूनच मार्च 2025 मधला निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. त्या महिन्यात सरकारने 156 प्रचंड हेलिकॉप्टरांचा करार केला. 66 हवाई दलाला, 90 भूदलाला. रक्कम, कर सोडून, 62,700 कोटी रुपये. प्रशिक्षण आणि इतर सामग्री धरून एकेका हेलिकॉप्टरमागे चारशे कोटी. ती बंगळूर आणि तुमकूर येथील कारखान्यांत बांधली जातील, आणि अडीचशेहून अधिक देशी कारखान्यांना त्यात काम मिळेल असे सरकारने सांगितले. सगळेच स्वदेशी आहे असे मात्र समजू नये. पुढची तोफ फ्रान्सची आहे, हवेत मारा करणारे क्षेपणास्त्र फ्रान्सचे, इंजिनही फ्रेंच कंपनीच्या भागीदारीत घडवलेले. आणि 2022 साली दाखल झाले तेव्हा रणगाडा फोडणारे क्षेपणास्त्र त्याला बसवलेले नव्हते. लढाऊ हेलिकॉप्टरच्या बाबतीत ही उणीव लहान म्हणता येत नाही.

आणखी एक शंका आहे. प्रचंडचा जन्म 'ध्रुव' या आपल्याच हेलिकॉप्टरच्या घराण्यात झाला. पाती फिरवणारी यंत्रणा दोघांची एकाच कुळीची. 5 जानेवारी 2025 रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळून तिघे दगावले, आणि त्यानंतर देशातली सारी ध्रुव हेलिकॉप्टरे काही महिने जमिनीवर ठेवावी लागली. एकाच वाणाचे बियाणे सगळ्या शिवारात पेरले की रोग पडल्यावर काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. या दोषाचा पुरता छडा लावल्याशिवाय दीडशे हेलिकॉप्टरांची बांधणी घाईने पुढे रेटू नये, असे मला वाटते.

काही लोक तर विचारतात की असली हेलिकॉप्टरे आता हवीतच कशाला? युक्रेनच्या युद्धात 2022 पासून रशियाची नामांकित हेलिकॉप्टरे खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांनी पडली. जपानने त्याच वर्षी डिसेंबरात ठरवले की हल्ला करणारी हेलिकॉप्टरे मोडीत काढून त्या जागी चालकाविना उडणारी यंत्रे आणावीत. प्रश्न रास्त आहे. पण जपानची भूमी आणि आपली भूमी सारखी नव्हे. खिंडीतला वारा, क्षणोक्षणी बदलणारे हवामान, आणि आपलीच माणसे शत्रूपासून शे-दोनशे हातांवर कड्याला चिकटलेली. अशा ठिकाणी कुठे मारायचे आणि कुठे मुळीच मारायचे नाही, हे डोळ्यांनी पाहून ठरवणारा माणूस अजून तरी हवा. चालकरहित यंत्रे त्याच्या पुढे धाडावीत, हे उत्तम.

करारानुसार पुरवठा तिसऱ्या वर्षापासून, म्हणजे 2027-28 च्या सुमारास सुरू व्हायचा आहे आणि तो पुढे पाच वर्षे चालायचा आहे. भूदलाच्या वैमानिकांना हेलिकॉप्टर चालवण्याचे शिक्षण देणारी शाळा आपल्या नाशिकला आहे. शेवटचे प्रचंड कारखान्यातून बाहेर पडेल, तेव्हा त्यात बसणारा वैमानिक आज कुठल्या तरी खेड्यातल्या शाळेत आठवी-नववीच्या बाकावर बसलेला असेल.