घरातील ऊर्जाबचत आणि शासनाची मदत

(पालक-मेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी किंचित विस्ताराने)



शिक्षकाने पालक-मेळाव्यात बोलावयाचे ते निकाल, हजेरी आणि शिस्त यांवर, असा एक अलिखित संकेत आहे. तो मोडून यंदा मी घरातील विजेवर बोललो. त्यास कारण घडले. मार्च महिन्यात सकाळची शाळा सुरू झाली की दुपारी मुले घरी पळत सुटतात. आमच्या नववीतील एक मुलगा मात्र शाळा सुटल्यावरही व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसलेला दिसे. विचारले तेव्हा म्हणाला, "सर, घरात पत्र्याखाली बसवत नाही. आणि दिवसभर पंखा लावला तर अम्मी म्हणते, बिल कोण भरणार?"

मी त्याला ते बिल आणावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी तो ते चार घड्या घालून खिशातून घेऊन आला. आपणही आपल्या घरचे बिल एकदा सावकाश वाचावे. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना त्याहून बराच अधिक, आणि पुढे आणखी. म्हणजे ज्या घरात महिन्याला १३० युनिटे जळतात, त्या घराने ३० वाचविली तर ती वरच्या, महागड्या टप्प्यातील वाचतात. गरिबाच्या घरी वाचलेल्या युनिटाची किंमत ही अशी सरासरीपेक्षा जास्त असते. ही गोष्ट पदवीधर माणसांच्याही ध्यानात येत नाही. माझ्या तरी कित्येक वर्षे आली नव्हती.

"मग सरकार यात काही मदत करते का?" असे मेळाव्यात एका भगिनीने उभे राहून विचारले. करते. आजवर पुष्कळ केली आहे. पण मदत कोणत्या वाटेने येते, यावर ती कोणाच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचणार हे ठरते. माझे आजचे म्हणणे एवढ्यापुरतेच आहे.

वयस्कर मंडळींना सुधारित चूल आठवत असेल. लाकूड कमी लागावे आणि स्वयंपाकघरात धूर कोंडू नये म्हणून केंद्र शासनाने १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. खर्चाचा मोठा वाटा अनुदानातून मिळे. २००२ साली केंद्राने हा कार्यक्रम थांबविला, तोपर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्याची नोंद झाली होती. आकडा मोठा आहे. परंतु मातीची चूल वर्षा-दोन वर्षांत तडकते, आणि ती दुरुस्त कोणी करावयाची हे ठरलेले नव्हते. माझ्या नानीच्या घरी कोकणात अशी एक चूल होती. मी पाहिली तेव्हा तिचे धुराडे काढून टाकलेले होते, कारण ते जेथून कौलांबाहेर जाई तेथूनच पावसाचे पाणी आत येई. नानी पुन्हा तीन दगडांवर आली होती आणि सरकारी चुलीवर कांदे ठेवीत असे. अनुदान चूल बसविण्याला होते. ती पेटते की नाही हे पाहावयास कोणी आले नाही.

याच्या अगदी उलट कथा एल.ई.डी. दिव्याची आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र शासनाने ही योजना देशभर सुरू केली. पुढे तिला 'उजाला' हे नाव मिळाले. पुष्कळांना वाटते की सरकारने दिव्यावर अनुदान दिले. वस्तुतः तसे नव्हते. शासनाच्या एका कंपनीने सबंध देशाची मागणी एकत्र करून कारखानदारांकडून कोट्यवधी दिव्यांसाठी निविदा मागविल्या. २०१४ साली जो दिवा कंपनीला ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ साली ३८ रुपयांच्या आसपास आला. आपल्या हाती तो पुढे सत्तर रुपयांना पडू लागला. विजेचे बिल आणि ओळखपत्र दाखवावयाचे आणि दिवे घेऊन यावयाचे. काही राज्यांत तर रोख पैसेही नकोत. महिन्याच्या बिलातून दहा-दहा रुपये कापले जात. असे ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले, आणि भाव पडल्यामुळे बाजारातील दिवेही स्वस्त झाले. त्यामुळे ज्याने योजनेचे नावही ऐकले नाही त्यालाही लाभ झाला. हे मला फार मोलाचे वाटते.

हिशेब सोपा आहे. ६० वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिटे. त्याच जागी ९ वॉटचा दिवा लावला तर दीड युनिटाहूनही कमी. मुलांनी हे गणित फळ्यावर सोडविले तेव्हा एकाने विचारले, "सर, मग पंख्याचे काय?" प्रश्न अचूक होता. दिवे आता बहुतेक घरी बदलले. बिलातला मोठा वाटेकरी पंखाच आहे. जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज घेतो. उन्हाळ्यात दिवसाचे पंधरा तास चालला तर एकच पंखा महिन्याला ३३-३४ युनिटे खातो. नव्या, बी.एल.डी.सी. नावाच्या मोटरीचा पंखा साधारण ३० वॉटमध्ये तेवढाच वारा देतो, म्हणजे १३-१४ युनिटांत भागते. फरक वीस युनिटांचा. (जाता जाता: जुन्या मोठ्या डबीसारख्या रेग्युलेटरवर पंखा हळू केला म्हणून वीज त्या प्रमाणात वाचत नाही, ती त्या डबीत उष्णता होऊन जाते. हात लावून पाहावे.)

हा पंखा मात्र साध्या पंख्यापेक्षा बराच महाग आहे. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यावर ताऱ्यांची पट्टी सक्तीची झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिव्यांचाच मार्ग धरून एक कोटी काटकसरी पंखे खपविण्याचा कार्यक्रमही जाहीर झाला. पट्टीवरील तारे मोजताना तिच्यावरचे सालही पाहावे. कसोटी वेळोवेळी कडक होते, त्यामुळे जुन्या पट्टीवरचे पाच तारे नव्या कसोटीला तितके भरतीलच असे नाही.

अलीकडे सर्वांत जास्त बोलबाला आहे तो छपरावरील सौर विजेचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पी.एम. सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' सुरू झाली. तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपये मंजूर झाले आणि एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठरले. एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान, असे तिचे दर ठरविण्यात आले. ज्याचे स्वतःचे पक्के छप्पर आहे त्याने जरूर अर्ज करावा. आमचे दोन सहकारी शिक्षक तसे करून समाधानी आहेत. त्यांच्याबद्दल मला आनंदच आहे.

परंतु आमच्या त्या नववीतील मुलाचे काय? घर भाड्याचे, छप्पर मालकाचे. या योजनेत घर स्वतःचे असावे लागते आणि छप्पर पट्ट्या पेलणारे असावे लागते. जिथे भाडेकरू बिल भरतो तिथे मालकाला बचतीची ओढ नसते, आणि भाडेकरूने पैसा घातला तर घर सोडताना तो मागे राहतो. हा पेच केवळ आपल्या मोहल्ल्यातला नाही, जगभरच्या शहरांत आहे. ७८ हजारांचे अनुदान आणि सत्तर रुपयांचा दिवा यांत मोठे काय, असे कोणी विचारले तर मी दिव्याकडे बोट दाखवीन. कारण तो भाडेकरूच्याही घरी लागला, आणि घर बदलताना काढून बरोबर नेता आला.

छपराच्या बाबतीत तसा साधा मार्ग कोणी शोधला काय? काही ठिकाणी शोधला आहे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत भयंकर उष्णतेची लाट आली आणि शेकडो माणसे दगावली. त्यानंतर २०१३ साली त्या महानगरपालिकेने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. पुढे २०१७ पासून वस्त्यांतील छपरांना पांढरा चुना लावण्याचे काम हाती घेतले. पांढरे छप्पर ऊन परतविते आणि घर काही अंशांनी थंड राहते. तेलंगण राज्याने तर २०२३ साली थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. खर्च एका पंख्याइतकाही येत नाही. अडचण एवढीच, की पत्र्यावर नुसता चुना पहिल्या पावसात धुऊन जातो. म्हणून त्यात थोडे फेविकोल घालतात, किंवा बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग वापरतात.

मेळावा संपल्यावर त्या मुलाचे वडील मला भेटले. रविवारी आम्ही दोघे घरमालकांकडे गेलो. वयस्कर गृहस्थ, स्वभावाने फटकळ. आधी त्यांना वाटले, भाडे कमी करावयास आलो आहोत. मग म्हणाले, "चुना तुमचा ना? मग लावा. पण मास्तर, शेजारच्या दोन खोल्याही माझ्याच आहेत, त्यांनाही लावा." शाळेची शिडी नेली आहे. प्रयोगशाळेतील दोन तापमापक विज्ञानाच्या मॅडमकडून सही करून घेतले आहेत. एक पांढऱ्या पत्र्याखाली आणि एक समोरच्या चाळीतील तशाच, न रंगविलेल्या पत्र्याखाली टांगावयाचा आहे. दुपारी दोन वाजताची नोंद वहीत करण्याचे काम त्या मुलाकडे दिले आहे.